बारा रेणू आणि वरचा एक

महाडच्या बाजारात मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. काही जण 'सरांच्या मिसेस' म्हणून ओळखतात, कारण नवऱ्याने इथल्या हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला. बाकीचे 'कंपनीतल्या कंपूटरवाल्या बाई' म्हणून ओळखतात, आणि हे लोक अजूनही मोबाइल बिघडला की मला दाखवायला आणतात. मी रसायनशास्त्राची एम. एस्सी. आहे, मोबाइलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे सांगून मी दमले. मग तुम्ही तिथे करत काय होतात, असं कुणी विचारलं की नवरा माझ्या आधी उत्तर देतो, "जे बनवायचं नाही त्याची यादी करायची ही." लोक हसतात. पण थट्टेत दिलेलं ते उत्तर खरं आहे आणि या अंकाच्या संपादकांनी 'कामाबद्दल लिहा' म्हटल्यावर मलाही त्याहून बरं काही सुचलं नाही.

मी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या रसायन कंपनीच्या संशोधन लॅबमध्ये होते. नवा रेणू बनवायचा म्हणजे कागदावरची आकृती बाटलीत आणायची. एकेका रेणूला तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने, आणि कधी एवढं करून हाती नुसती काकवी येते. कागदावर मात्र कुणीही हुशार माणूस एका बैठकीत पाचशे आकृत्या काढू शकतो. त्या पाचशेतल्या कोणत्या बनवायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या हे आधी संगणकाला विचारावं, अशी टूम दोन हजार सालाच्या आसपास आमच्या धंद्यात निघाली. आमच्या धाकट्या शेठनी मुंबईत कुठल्याशा प्रदर्शनात ते सॉफ्टवेअर पाहिलं आणि घेऊन टाकलं. ते चालवायला लॅबमधून मला निवडलं, याचं कारण मला टायपिंग येत होतं. दुसरं कुठलंही कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

प्रशिक्षण पुण्याला, तीन दिवसांचं. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते, पण त्यांचं सगळं शिक्षण 'इथे क्लिक करा, मॅडम' एवढ्यात आटपायचं. क्लिक केल्यावर आत काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाले, ते मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअल उशाला घ्यावं एवढं जाड होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रमाणपत्र दिलं आणि मी जेवढी गोंधळलेली गेले होते त्याच्या दुप्पट गोंधळून परत आले.

सॉफ्टवेअरबरोबर एक चष्मा आला होता. तो घालून पडद्याकडे पाहिलं की रेणू पडद्याबाहेर येऊन हवेत तरंगताना दिसायचा. पहिले चार दिवस माझ्या टेबलापुढे रांग लागली. अकाउंटवाले आले, कँटीनचे आचारी आले, गेटवरचे वॉचमन पाळीपाळीने आले. एका इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्यांना चक्कर आली आणि त्यांना लिंबूपाणी द्यावं लागलं. सगळ्यांत शेवटी मोरेकाका आले.

गणपत मोरे, आमच्या लॅबचे सर्वांत जुने टेक्निशियन. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत त्यांचं गाव. दहावीला दोनदा बसून तो नाद सोडला, काचेची भांडी धुवायला म्हणून लॅबमध्ये लागले आणि बघता बघता रेणू बनवायला शिकले. आम्ही शिकलेले लोक कृती लिहून द्यायचो, पण उकळी कधी थांबवायची आणि थेंब किती सावकाश सोडायचे हे त्यांच्या हातालाच ठाऊक. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, पण इतक्या वर्षांच्या वाफांनी छातीला धाप लागलेली. मी त्यांच्या बेंचवर, म्हणजे कामाच्या टेबलावर, वर्षानुवर्षं बनत असलेला एक रेणू पडद्यावर लावला. त्यांनी चष्मा घातला, हात पुढे केला आणि हवेत चाचपून पाहिलं.

मग म्हणाले, "इतकी वर्सं ह्या मालाला ढवळतोय मॅडम. तोंड आज बघितलं त्याचं."

आमच्याकडे बनलेल्या पदार्थाला सगळे मालच म्हणतात. त्या दिवसापासून काका रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन आज कोणाचं तोंड दिसतंय ते पाहून मगच बेंचवर जायचे.

आता हा संगणक नेमकं काय करतो ते सांगते. समजा एखादी बुरशी मारायची आहे. तिच्या आत एक मोठा रेणू असतो, त्याला एक खोबण असते. आपला छोटा रेणू त्या खोबणीत घट्ट बसला तर बुरशीचा कारभार थांबतो. पंगतीत सगळे पाट भरलेत आणि शेवटच्या पाटावर आणखी एक पाहुणा बसवायचाय, तो मांडी कशी घालेल, त्याचा कोपर कुणाला लागेल, हे आपण जसं डोळ्यांनी मापतो, तसं संगणक मापतो. रेणूला फिरवतो, वाकवतो, पाय दुमडायला लावतो आणि शेवटी एक आकडा देतो. आकडा उणे असतो. उणे जितकं जास्त तितकी बैठक चांगली.

ऐकायला हे सोपं आहे. माझा गोंधळ असा की तोच रेणू मी सकाळी काढला की एक आकडा यायचा आणि जरा वेगळा वाकवून दुपारी काढला की दुसरा. पुण्याला फोन केला तर ते गृहस्थ म्हणाले, "सुरुवातीच्या आकारावर अवलंबून असतं, मॅडम." मग खरा आकडा कोणता? तर म्हणे, दोन्ही खरे. ज्याला दोन खरी उत्तरं असतात असं गणित मी तोवर पाहिलं नव्हतं. मी वैतागून हे मोरेकाकांना सांगत बसले. त्यांना कितपत कळेल याची मला शंकाच होती.

ते म्हणाले, "घाटातून धोंडा सोडला तर त्यो पयली दरी लागंल तितंच अडकनार. त्याच्या पलीकडं आनखी खोल दरी हाय का नाय, त्ये धोंड्याला काय ठावं?"

मॅन्युअलमध्ये तेच आठ पानांत लिहिलेलं होतं. मी घरी जाऊन भूगोलाच्या सरांना ते ऐकवलं, तर ते म्हणाले, अशी माणसं वर्गात असती तर माझी नोकरी सुखाची झाली असती.

आता मुद्द्यावर येते. दोनेक वर्षांनी आमच्याकडे एक मोठं काम आलं. शेतीची औषधं करणारी एक परगावची कंपनी भातावरच्या करप्यावर नवं औषध शोधत होती. करपा म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग पडतात आणि उभं शेत जळल्यासारखं दिसतं. त्यांनी चारशेवीस आकृत्या पाठवल्या. आम्ही संगणकावर चाळून त्यांतल्या बारा निवडायच्या, बनवायच्या आणि पाठवायच्या. ते त्यांच्याकडे भाताच्या रोपांवर फवारून पाहणार. चारशेवीस हा आकडा पाहूनच मी दचकले होते, पण तो त्यांनी निवडलेला, माझा इलाज नव्हता.

लॅबचे प्रमुख करंदीकर साहेब. माणूस सरळ, पण बोलणं काटकोनात. त्यांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "बारांतला एक जरी लागू पडला तर करार दोन वर्षं वाढतो. एकही लागला नाही तर हा बेंच बंद करायचा असं वरून ठरलंय. मोरे, तुम्हाला मग ड्रायरला जावं लागेल."

ड्रायर म्हणजे प्लँटमधली पावडर सुकवायची जागा. तिथे दिवसभर हवेत भुकटी तरंगत असते आणि धडधाकट माणूसही रुमाल बांधून खोकत असतो. काकांच्या छातीला ते सोसणारं नव्हतं हे साहेबांनाही कळत होतं. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं राहिली होती. काका फक्त म्हणाले, "मॅडम बारा बरोबर काढतील."

एका रेणूला साधारण तासभर लागायचा. म्हणजे चारशेवीस तास संगणक न थांबता चालायला हवा. कंपनीचा जनरेटर होता, यूपीएस होता, ती काळजी नव्हती. मी पितृपक्षातच काम लावलं. काका म्हणाले, "पितरं उरकल्यावर लावा की." मी म्हटलं, संगणकाला पितर नसतात. यादी कोजागरीच्या आत द्यायची होती, माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. घट बसले, माळा चढत गेल्या, आकडे येत गेले. अष्टमीच्या दिवशी साडेतीनशेच्या वर रेणू झाले होते आणि माझा जीव जरा भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी नवमीचा कुळाचार असतो, सासूबाई सोवळ्यात, पुरण माझ्या वाट्याचं. मी हाफ डे टाकून दुपारी निघाले. चप्पल घालत होते तेवढ्यात मोरेकाका आले. हातात हळदकुंकवाचं पंचपाळं होतं. "मॅडम, आज हत्यारांची पूजा. तुमच्या कंपूटरची पन करायची ना?"

मी म्हटलं, "करा की. त्याच्यावरच तर सगळं अवलंबून आहे." आणि निघाले. पुरण शिजायचं होतं.

आता यात चूक काय, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. हार घातला, कुंकू लावलं, नमस्कार केला, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मोरेकाकांच्या गावात पूजा म्हणजे तेवढीच नाही. खंडेनवमीला नांगर, कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात, आणि पूजा झालेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावत नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला त्या दिवशी विसावा. चालू हत्याराची पूजा ही कल्पनाच त्यांच्याकडे नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून मी लॅबमध्ये आले. माझा पडदा काळा होता. त्याला झेंडूचा सुबक हार होता, संगणकाच्या पेटीवर स्वस्तिक होतं, वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती. शेजारी पाटावर लाल कापड, त्यावर ओळीने थर्मामीटर, चिमटा, स्पॅच्युला, माझा माऊस आणि माऊसशेजारी बोटाएवढा करडा ठोकळा.

मी आधी तो ठोकळा उचलला. तो म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरचं कुलूप. संगणकाच्या मागे स्क्रूने बसवायचं, त्याच्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही. काकांनी स्क्रू काढून ते वेगळं केलं होतं आणि सगळं पुसताना तेही धुतलं होतं. हळदकुंकू वाहिलं होतं, वर अक्षता, आणि शेवटी पळीभर पाणी. ते कुलूप आतून ओलं होऊन मेलं होतं. नवं पुण्याहून मागवायला दिवाळी उलटणार होती.

तीनशेएकाहत्तर रेणू झाले होते. एकोणपन्नास राहिले होते.

मी त्या दिवशी मोरेकाकांना सगळ्यांदेखत बोलले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, त्याला म्हणाले, "तुमच्या अडाणीपणाने सगळं घालवलंत." पूजा करा असं मीच सांगितलं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. काकांच्याही निघालं नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "माजं चुकलं, मॅडम." मग पाट उचलला, हार काढला, लाल कापडाची घडी घातली. मी तोंड फिरवलं.

साहेबांनी विचारलं, "सगळे झाले ना?" मी म्हटलं, "झाले." अहवालात चारशेवीस तपासले असं लिहिलं आणि तीनशेएकाहत्तरांतले पहिले बारा काढून दिले. मी काकांना वाचवायला खोटं लिहिलं असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे मेमो काकांना मिळाला असता की मला, याचा विचार मी आधी केला होता.

दिवाळीनंतर नवं कुलूप आलं. उरलेले एकोणपन्नास रेणू दोन दिवसांत होऊन गेले असते. मी ते लावले नाहीत. आज लावते, उद्या लावते, असं करत राहिले. समजा त्यांतला एखादा वर आला तर? मग अहवाल खोटा ठरतो, मी खोटी ठरते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी पाच महिने झाकून बसले.

इकडे काका बारा रेणू बनवत होते, एका वेळी तीन-चार लावून. असं जीव ओतून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या रेणूची तीनदा काकवी झाली, चौथ्यांदा त्यांनी तो आणलाच. आठवा अशा वासाचा होता की पोलादपूरच्या एसटीत कंडक्टरने त्यांना आठवडाभर मागच्या दाराच्या पायरीवर उभं केलं. बायकांनी पदर नाकाला लावले, आणि एका म्हाताऱ्याने विचारलं, "लसणीचा धंदा करतो का रं?" काका हे सांगताना स्वतः हसत होते. माझ्याशी मात्र ते पूर्वीसारखं बोलत नव्हते. सकाळी येऊन चष्मा घालून पाहणं त्यांनी बंद केलं होतं. पेटीला आपला हात नको, म्हणायचे.

बाटल्या जसजशा तयार झाल्या तसतशा जात राहिल्या. शिमगा झाला, पाडवा झाला, आणि पत्र आलं. बारांपैकी एकाचाही करप्यावर परिणाम नाही. साहेबांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. महिनाअखेर बेंच बंद, मोरे एक तारखेपासून ड्रायरला.

त्या दिवशी मी ते एकोणपन्नास रेणू लावले. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी यादी पाहिली तर त्यांतला एक सगळ्यांच्या वर. आमच्या बारांतल्या पहिल्याहूनही कितीतरी वर. मला खरं वाटेना. मी तो नव्याने काढला, उलटा वाकवून काढला, पाय दुमडून काढला. तीन वेळा तीन आकडे आले आणि तिन्ही सगळ्यांच्या वर.

काय करावं कळेना, म्हणून मी काकांनाच बोलावलं आणि सगळं सांगितलं. कुलूप दिवाळीनंतरच आलं होतं, ते तेवढं गाळलं. त्यांनी कित्येक महिन्यांनी चष्मा घातला. खूप वेळ पाहिलं.

"म्हंजे मी बंद केला नसता तर ह्यो पयला आला असता."

"आला असता, काका. पण पहिला आला म्हणजे लागलाच असता असं नाही. ते पहिले बारासुद्धा पहिलेच होते."

"त्ये खरं," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "अठरा दिवस हायत. करतो."

साहेबांना मी पुन्हा तपासताना एक वर आला एवढंच सांगितलं. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, नवं काही मागवायचं नाही, आहे त्यातून करा. काकांनी बाटल्यांच्या तळचं गोळा करून सुरुवात केली. सतराव्या दिवशी फ्लास्कमध्ये पिवळसर चिकट रस होता, खडा धरत नव्हता. रस म्हणजे अशुद्ध, तो पाठवून उपयोग नाही. अठराव्या दिवशी सकाळपासून काका काचेची कांडी घेऊन फ्लास्कच्या आतल्या बाजूला खरवडत बसले. ही आमच्यातली जुनी युक्ती. काचेला बारीक ओरखडे पडले की कधी कधी स्फटिकाला धरायला जागा मिळते. का मिळते ते कुणी मला नीट सांगू शकलेलं नाही. जेवायची सुट्टी झाली तरी ते उठले नाहीत. तीनच्या सुमाराला मला हाक आली. रसात एका बाजूला पांढरं काहीतरी वऱ्याच्या दाण्यांएवढं दिसत होतं, आणि आम्ही बघत असतानाच ते पसरत गेलं.

काकांनी माल गाळला, तीनदा धुतला, सुकवला, बाटलीत भरला. चिठ्ठीवर तेरा आकडा लिहायला मात्र ते तयार होईनात. तेरावं मेलेल्याचं असतं, म्हणाले. त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'बारा-अ' लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते ड्रायरला गेले.

पत्र यायला भातलावणीचे दिवस उजाडले. मी ते उभ्याउभ्या वाचलं. बारा-अ फवारलेल्या रोपांवर करपा जवळजवळ पसरलाच नव्हता. कमी मात्रेतही तेच. रेणू फारच लक्षवेधी आहे, पण दरम्यान हे काम आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेकडे सोपवलं असल्यामुळे आपण कृती लिहून पाठवावी, आभारी आहोत. करंदीकर साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "चार महिने आधी यायला हवं होतं हे," एवढंच म्हणाले आणि फाइलला लावलं. कृती मी लिहून पाठवली.

मग मी ड्रायरकडे निघाले. आनंदाची बातमी सांगायला निघाले होते, हे मला नीट आठवतं. काका दारातच होते. भुवया भुकटीने पांढऱ्या, नाकाला रुमाल, खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते. मला पाहून रुमाल खाली घेतला.

"पत्र आलं व्हय?"

"आलं."

"मॅडम, आधी माजं आयका. त्यो माल लागला असंल, तर बेंच माज्यामुळं गेला. नसंल लागला, तर जायचाच व्हता. घरी बाईल म्हनती, द्येवाच्या पूजेनं कुनाचं वाईट व्हत नाय. मी म्हनलं, पत्र येऊं दे." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "आता सांगा."

मी म्हटलं, "नाही लागला, काका. रोपं तशीच करपली."

ते शेजारच्या ड्रमवर बसले. डोळे पुसले, ते भुकटीने की कशाने मला कळलं नाही. "बरं झालं," म्हणाले. "लय बरं झालं. म्हैने झाले, झोप नव्हती मला."

त्यानंतरची दोनेक वर्षं त्यांनी ड्रायरवर काढली, खोकत काढली, पण हसत काढली. माझ्याशी पुन्हा पूर्वीसारखं बोलू लागले. मला वाटलं, आपण चांगलं केलं. आजही अर्धा वेळ तसंच वाटतं.

माझ्या गोंधळाचं शेपूट एवढ्यावर संपत नाही. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, अधिक अचूक म्हणून. मी गुपचूप ते सगळे चारशेवीस तिच्यावर लावून पाहिले. त्यांत बारा-अ तीनशेच्याही खाली गेला. म्हणजे जुन्या आवृत्तीने चुकीच्या कारणासाठी बरोबर रेणू निवडला होता, की नवी चुकत होती? मी दोन तज्ज्ञांना विचारलं. एकाने हे सांगितलं, दुसऱ्याने ते. निवृत्त होईपर्यंत मी असंख्य याद्या केल्या, काही बऱ्या निघाल्या, पण तो रेणू खोबणीत बसला कसा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इतकं मात्र ठाऊक आहे, की माझ्या सगळ्या नोकरीत आमच्या लॅबमध्ये बनलेला आणि रोग खरोखर थांबवणारा रेणू तो एकच.

मागच्या वर्षी मी काकांच्या गावी गेले. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. काका ओटीवर बसले होते, सत्तरी पार, डोळ्यांत मोतीबिंदू. नात पोलादपूरला कॉलेजात सायन्सला आहे, तीच त्यांना पेपर, दिवाळी अंक, जे हाती पडेल ते वाचून दाखवते. त्यांनी तिला माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या मॅडम. आमी करप्यावर बारा माल केले. वरचा एक केला. एकबी लागला नाय." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "हात चांगला व्हता, मॅडम. पन हाताला यश नव्हतं."

मी चहा प्यायले. नातीच्या अभ्यासाची चौकशी केली. काकूंनी वाल दिले ते घेतले आणि परत आले. एका माणसावरचा दोष दूर करायला गेले आणि त्याच्या हातचं यशही काढून घेतलं, हे मला त्या ओटीवर कळलं. कळलं तरी तोंड उघडलं नाही. पाच महिने झाकलेली मूठ उघडायची तर सगळीच उघडावी लागते.

हा अंक पोलादपूरला स्टँडवर मिळतो, म्हणून इथे लिहिते. बाळ, आजोबांना इथून पुढचं जरा सावकाश वाचून दाखव.

काका, त्या दिवशी ड्रायरपाशी मी खोटं बोलले. बारा-अ लागला होता. पूजा करा असं तुम्हाला मी म्हटलं होतं, आणि नवं कुलूप दिवाळीनंतर लगेच आलं होतं, तरी भीतीपोटी मी पाच महिने ते रेणू चालवले नाहीत. बेंच गेला तो माझ्यामुळे. करपा थांबला तो तुमच्या हाताने.